डोरेमॉनच्या पुढे काय? ॲनिमे पहिल्यांदाच पाहणाऱ्यांनी सुरुवात कुठून करायची?

१२ सप्टेंबर २०२५ ला 'डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' हा जपानी सिनेमा भारतात प्रदर्शित झाला आणि अनेक शहरांत पहाटेचे शो लावावे लागले. कुठलाही ओळखीचा हिरो नाही, रिॲलिटी शोमधलं प्रमोशन नाही, तरीही थिएटरमधल्या जल्लोषाचे रील्स आठवडाभर फिरत होते.

पण मित्रांच्या आग्रहाखातर गेलेल्यांची पंचाईत झाली. अडीच तासांहून मोठा हा सिनेमा कुठलीही ओळखपाळख न करून देता थेट युद्धात सुरू होतो. आजूबाजूचे लोक एखाद्या पात्राच्या एंट्रीला शिट्ट्या मारतात आणि आपल्याला ते पात्र कोण हेही माहीत नसतं. कारण साधं आहे. हा सिनेमा म्हणजे एका मोठ्या गोष्टीच्या शेवटाचा पहिला भाग आहे. त्याआधी मालिकेचे चार सीझन आणि 'मुगेन ट्रेन' नावाचा २०२० चा सिनेमा येऊन गेला आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये आणखी एक लाट आली होती. लग्नाचे, ट्रेकचे, अगदी आजी-आजोबांचेही फोटो 'घिबली स्टाईल'मध्ये बदलून लोकांनी डीपीला लावले. (जपानमध्ये या स्टुडिओचा उच्चार 'जिबुरी' असा होतो, पण आपल्याकडे आता घिबलीच रूढ झालंय.) फोटो लाखोंनी बनवले, पण त्या स्टुडिओचा एकही सिनेमा न पाहिलेले लोक त्यात बरेच असणार.

थोडक्यात, ॲनिमे आता सगळीकडे आहे आणि 'बघायचंय, पण सुरुवात कुठून करू?' हा प्रश्नही. उत्तरादाखल बहुतेक वेळा एक भलीमोठी यादी हातात पडते. यादीपेक्षा एक प्रश्न जास्त कामाचा आहे: समोरचं ॲनिमे मुळात कोणासाठी बनवलंय?

तुम्ही ॲनिमे आधीच पाहिलंय

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारं 'द जंगल बुक' आठवतंय? त्यातल्या शेरखानला हिंदीत आवाज दिला होता नाना पाटेकर यांनी. ती मालिका भारतातही बनली नव्हती आणि हॉलिवूडमध्येही नाही. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओनं १९८९ मध्ये ती बनवली होती. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या आणि 'हे काय कार्टून बघतोस' म्हणणाऱ्या पालकांनी मुलांच्या आधीच ॲनिमे पाहिलेलं आहे.

पुढच्या पिढीला डोरेमॉन आणि शिनचॅन मिळाले. दोन्ही एकाच चॅनेलवर, एकाच वेळी, एकाच हिंदीत. त्यामुळे दोन्ही लहान मुलांचीच असा आपला समज झाला. डोरेमॉनच्या बाबतीत तो बरोबर होता, कारण ती गोष्ट शाळकरी मुलांच्या मासिकांमध्येच सुरू झाली होती. शिनचॅनचं तसं नव्हतं. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती मोठ्या पुरुषांसाठीच्या एका साप्ताहिकात. पाच वर्षांचा आगाऊ पोरगा, कर्जाखाली दबलेला बाप, वैतागलेली आई, हे सगळं मोठ्यांना स्वतःवर हसण्यासाठी होतं. भारतात ते मुलांच्या चॅनेलवर आलं, पालकांनी तक्रारी केल्या, २००८ मध्ये सरकारनं बंदी घातली आणि नंतर काटछाट होऊन ते परत आलं.

हा सगळा गोंधळ कशामुळे झाला? चित्रं काढलेली आहेत म्हणजे ते मुलांसाठीच असणार, या एका समजुतीमुळे. ॲनिमे हा जॉनर नाही. जपानमध्ये बनलेल्या ॲनिमेशनचं ते फक्त नाव आहे. जपानी माणूस तर जगातल्या कुठल्याही ॲनिमेशनला 'आनिमे'च म्हणतो. त्यात कोर्टातले खटले आहेत, स्वयंपाक आहे, व्हॉलीबॉल आहे, भुतं आहेत आणि महायुद्धात भुकेनं मरणारी मुलंही आहेत. 'मला ॲनिमे आवडत नाही' हे वाक्य 'मला पुस्तकं आवडत नाहीत' इतकंच मोघम आहे.

शोनेन, सेइनेन वगैरे म्हणजे काय?

बहुतेक गाजलेली ॲनिमे 'मांगा'वरून बनतात. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. त्या आधी मासिकांत आणि साप्ताहिकांत क्रमशः छापून येतात. ही मासिकं वाचक ठरवून काढली जातात: किशोरवयीन मुलांसाठी 'शोनेन', मुलींसाठी 'शोजो', तरुण आणि प्रौढ पुरुषांसाठी 'सेइनेन', प्रौढ स्त्रियांसाठी 'जोसेइ'. म्हणजे हे विषयांचे प्रकार नाहीत, वाचकांचे आहेत. अर्थात शोनेन वाचणाऱ्या मुली आणि शोजो वाचणारे बाप्ये जपानमध्येही भरपूर आहेत.

यातलं सगळ्यात ताकदवान नाव म्हणजे १९६८ मध्ये सुरू झालेलं 'शोनेन जंप'. ड्रॅगन बॉल, नारुतो, वन पीस, डेथ नोट, डीमन स्लेयर, सगळे इथलेच. हे साप्ताहिक चालतं वाचकांच्या कौलावर. कुठल्या गोष्टी आवडल्या ते वाचक कार्डावर कळवतात आणि तळाला राहणाऱ्या गोष्टींचा गाशा लवकर गुंडाळला जातो. टीआरपी पडला की आपल्याकडच्या मालिकेत अचानक अपघात होतो किंवा जुळा भाऊ उगवतो, तसंच काहीसं. म्हणून शोनेन गोष्टींमध्ये दर प्रकरण धक्क्यावर संपतं, मध्येच एखादी स्पर्धा निघते आणि हरलेला शत्रू पुढे दोस्त होतो. पहिल्या वीस भागांत 'हे सारखं ओरडतायत काय' असं वाटलं तर त्यामागे हे गणित आहे.

सेइनेनमध्ये लेखकाला जरा श्वास घेता येतो. 'मॉन्स्टर' ही ७४ भागांची मालिका घ्या. जर्मनीत काम करणारा एक जपानी सर्जन रुग्णालयाच्या वरिष्ठांचा आदेश झुगारून एका लहान मुलाचा जीव वाचवतो आणि तोच मुलगा मोठेपणी खुनी निघतो. यात एकही जादूई शक्ती नाही, एकही उडी मारणारा हिरो नाही. गुन्हेकथा आवडणाऱ्या काकांना 'ॲनिमे' हा शब्द न उच्चारता ही लावून द्यावी.

तोंड हलतं, बाकी सगळं स्थिर. असं का?

पहिल्यांदा बघणाऱ्यांची ही हमखास तक्रार असते. पात्र बोलतंय, पण फक्त ओठ हलतायत. मारामारीत मागे नुसत्या रेघा. कोणीतरी हवेत उडी मारतो आणि खाली येईपर्यंत मनातल्या मनात दोन मिनिटं विचार करतो.

याची सुरुवात १ जानेवारी १९६३ ला झाली. ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका जपानी टीव्हीवर आली. दर आठवड्याला अर्धा तास. (याच तेझुका यांनी पुढे गौतम बुद्धांच्या आयुष्यावर भलीमोठी मांगा लिहिली.) पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम लागतात. दर फ्रेमला नवं चित्र काढायला ना पैसे होते ना वेळ. मग एकच चित्र तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागतं. पार्श्वभूमी पुन्हा वापरायची, फक्त ओठ हलवायचे, कॅमेराच सरकवायचा. काटकसरीतून आलेल्या या युक्त्या पुढे शैली बनल्या. जिथे चित्रं वाचवली तिथे कॅमेऱ्याचा कोन, शांतता आणि चेहऱ्यावरचे भाव यांनी काम भागवलं. वाचवलेली मेहनत मग एखाद्या प्रसंगावर ओतली जाते. 'डीमन स्लेयर'च्या पहिल्या सीझनचा १९ वा भाग त्यासाठीच गाजला.

दुसरी भानगड 'फिलर'ची. मालिका आणि मांगा दोन्ही दर आठवड्याला चालू असतात. मालिका मांगाला गाठते आणि पुढची गोष्टच शिल्लक राहत नाही. मग मूळ कथेत नसलेले भाग घुसवले जातात. २२० भागांच्या पहिल्या 'नारुतो'त शेवटचे ऐंशीच्या आसपास भाग जवळपास असेच आहेत. ते सोडले तर कथेचं फारसं बिघडत नाही. कोणते भाग सोडायचे याच्या याद्या चाहत्यांनी इंटरनेटवर करून ठेवल्यात, त्या बिनधास्त वापराव्यात.

हल्ली ही पद्धत मागे पडतेय. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे वर्षाचे चार हंगाम, हंगामाला १२-१३ भाग, मग विश्रांती. अगदी १९९९ पासून जवळपास अखंड चालत आलेल्या 'वन पीस'नेही २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग दाखवायचं जाहीर केलं. अकराशेहून अधिक भागांनंतर.

सबटायटल की डबिंग?

यावर चाहत्यांमध्ये अक्षरशः युद्धं होतात. खरं सांगायचं तर नवख्या प्रेक्षकानं जे सोयीचं वाटेल ते घ्यावं. हिंदी डबिंगमुळेच ॲनिमे आपल्याकडे पोचलं. फक्त जपानीत बोलण्याच्या पद्धतीत जे असतं ते भाषांतरात गळतं, एवढं लक्षात ठेवावं.

नावामागे लागणारे '-सान', '-कुन', '-चान', '-सामा' हे त्यातलं मुख्य. इंग्रजी सबटायटलमध्ये हे बऱ्याचदा उडवलेलं असतं. त्यामुळे एखादी मुलगी पहिल्यांदाच मुलाला नुसत्या नावानं हाक मारते आणि तो लाल होतो, तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्याला कळत नाही की झालं काय. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. 'अहो'वरून 'अरे'वर कोण, कधी आणि कोणासमोर येतं, यात केवढं नाट्य असतं हे आपल्याला ठाऊक आहे. पात्रांच्या तोंडचे हे प्रत्यय कानांनी टिपायला लागलात की अर्धी नाती आपोआप उलगडतात.

इतर खुणाही हळूहळू ओळखीच्या होतात. चेरीची फुलं उडताना दिसली की शाळेचं वर्ष संपतंय किंवा सुरू होतंय, कारण जपानमध्ये ते एप्रिलला सुरू होतं. किड्यांची किरकिर म्हणजे भर उन्हाळा. डोक्यावर घामाचा मोठा थेंब म्हणजे पात्र ओशाळलंय. जेवणाआधी हात जोडून म्हटलेलं 'इतादाकिमास' म्हणजे समोरच्या अन्नाबद्दलची कृतज्ञता.

आणि हो, जपानी नावं देवनागरीत छान बसतात. हा निव्वळ योगायोग नाही. जपानी वर्णमालेचा क्रम अ-इ-उ-ए-ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा जातो. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णांचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच भाषांतराची नाही. हायाओ मियाझाकी यांच्या 'स्पिरिटेड अवे'मध्ये (२००१) एक लहान मुलगी पाण्यावरून जाणाऱ्या ट्रेनमध्ये बसते. स्टेशनं येतात, सावल्यांसारखी माणसं उतरतात, संध्याकाळ होते. बराच वेळ कोणीही बोलत नाही आणि कथाही पुढे सरकत नाही. समीक्षक रॉजर इबर्ट यांना मियाझाकींनी हे टाळ्या वाजवून समजावलं होतं: दोन टाळ्यांमधली जी रिकामी जागा, तिला जपानीत 'मा' म्हणतात. दीडपट वेगानं भाग संपवण्याची सवय असलेल्यांनी निदान घिबलीच्या सिनेमांना तरी तो वेग लावू नये. जे पाहायचं असतं नेमकं तेच निसटतं.

पैसा कोणाला मिळतो?

जपानच्या ॲनिमेशन उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये ॲनिमेची बाजारपेठ ३.३ लाख कोटी येनच्या वर होती आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा जपानबाहेरून आला. म्हणजे भारतातल्या प्रेक्षकाला आता तिथे किंमत आहे. २०१९ मध्ये 'वेदरिंग विथ यू' हा माकोतो शिनकाई यांचा सिनेमा भारतात लागावा म्हणून चाहत्यांना ऑनलाईन याचिकेवर सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या. सहा वर्षांनी 'इन्फिनिटी कॅसल' जपानीबरोबर इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही आला.

पण चित्रं काढणाऱ्याचं काय? बहुतेक ॲनिमे 'निर्मिती समिती'च्या पैशातून बनतात. प्रकाशक, टीव्ही चॅनेल, म्युझिक कंपनी, खेळणी बनवणारी कंपनी एकत्र पैसे घालतात आणि नफाही वाटून घेतात. स्टुडिओ बऱ्याचदा फक्त कंत्राटदार असतो. मालिका तुफान चालली तरी त्याला ठरलेली रक्कमच मिळते. 'डीमन स्लेयर' इथे अपवाद ठरतो, कारण त्याच्या छोट्याशा समितीत युफोटेबल हा स्टुडिओ स्वतः आहे. दुसरा भागीदार ॲनिप्लेक्स ही सोनीची कंपनी आहे. क्रंचीरोल हा ॲनिमेचा सर्वांत मोठा स्ट्रीमिंग ॲपही २०२१ पासून सोनीकडे आहे. बनवण्यापासून ते आपल्या मोबाईलपर्यंतची साखळी एका हातात येत चालली आहे, हे चाहत्यांनी जरा लक्ष देऊन बघण्यासारखं आहे.

या साखळीच्या तळाशी असलेल्या नवशिक्या ॲनिमेटरला अनेकदा चित्रामागे पैसे मिळतात. कमी वेतन आणि कामाचे अतोनात तास याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या व्यवसाय आणि मानवी हक्क कार्यगटानंही २०२४ च्या अहवालात चिंता व्यक्त केली. क्योटो ॲनिमेशन हा स्टुडिओ कामगारांना पगारावर ठेवण्यासाठी आणि तरुणांना प्रशिक्षण देण्यासाठी ओळखला जायचा. त्याच स्टुडिओला १८ जुलै २०१९ ला एका माणसानं आग लावली आणि ३६ जणांचा जीव गेला.

मियाझाकींच्या 'द विंड रायझेस'मध्ये भूकंपानंतरच्या गर्दीचं एक दृश्य आहे. लांबी चार सेकंद. ते काढायला एका ॲनिमेटरला एक वर्ष तीन महिने लागले. मार्चमधले घिबली फोटो मिनिटाभरात तयार होत होते, तेव्हा अनेक कलाकार का चिडले होते ते या हिशेबावरून कळतं. टेलिग्रामवरून फुकट भाग उतरवणं हाही याच हिशेबातला भाग. समितीचं नुकसान किती होतं यावर वाद घालता येईल, पण तळाच्या माणसापर्यंत त्यातून एक येनही जात नाही.

मग सुरुवात कुठून?

पहिल्याच दिवशी 'वन पीस'ला हात घालू नका. आधी एक सिनेमा बघा. प्रेमकथा चालत असेल तर शिनकाईंचा 'युअर नेम' (२०१६). शहरातला मुलगा आणि गावातली मुलगी झोपेत एकमेकांच्या शरीरात जातात, इथून गमतीनं सुरू होणारी गोष्ट भलत्याच ठिकाणी नेते. घरात लहान मुलं असतील तर 'माय नेबर टोटोरो' (१९८८). त्यात खलनायकच नाही. त्याच वर्षी, त्याच दिवशी, त्याच स्टुडिओचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आला होता. १९४५ मधल्या कोबे शहरातले अनाथ भाऊ-बहीण. तो मुलांसोबत नको आणि एकट्यानं रात्रीही नको.

मालिकेकडे वळायचं तर ३७ भागांची 'डेथ नोट' अजूनही सोपा दरवाजा आहे, जरी उत्तरार्ध थोडा घसरत असला तरी. खेळ आवडत असेल तर 'हायक्यू', व्हॉलीबॉलबद्दल काही माहीत नसलं तरी चालतं. आणि 'डीमन स्लेयर' बघायचंच असेल तर पहिल्या सीझनपासून. त्याचे २६ भाग, मग 'मुगेन ट्रेन', मग पुढचे सीझन आणि शेवटी 'इन्फिनिटी कॅसल'.

पालकांसाठी थोडं वेगळं. एकाच ॲपवर डोरेमॉनसारखं दिसणारं काहीतरी आणि माणसं गिळणारे राक्षस दाखवणारं 'अटॅक ऑन टायटन' शेजारी शेजारी असतं. अनेक मालिकांमध्ये शाळकरी मुलींचं चित्रण उगाच उत्तान केलेलं असतं. त्यावर जपानमध्येही टीका होते आणि ते 'संस्कृतीचा फरक' म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार स्ट्रीमिंग ॲप्सना भारतात यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असं वर्गीकरण दाखवावं लागतं आणि १३+ पासून पुढे पालकांना लॉक लावण्याची सोय द्यावी लागते. ते लॉक लावायला पाच मिनिटं लागतात. त्याहून बरं म्हणजे पहिला भाग मुलासोबत बसून बघणं.

घरातल्या वाचणाऱ्या आजीला सामील करून घ्यायचं असेल तर त्यालाही उत्तर आहे. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा आणि तिथले प्रेमळ मुख्याध्यापक कोबायाशी हे मराठी वाचकांना चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे चांगले परिचयाचे आहेत. त्या 'तोत्तोचान'वर डिसेंबर २०२३ मध्ये जपानमध्ये ॲनिमे सिनेमा आला. तो बनवला शिन-एइ ॲनिमेशननं, म्हणजे ज्या स्टुडिओत डोरेमॉन आणि शिनचॅन बनतात, तिथेच.